दहावी-बारावीचा कागद नाही, तरी कॉलेज: खान्देशातून कसं जायचं

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, आणि दारात लाइट गेल्यावर बसायला बाकडं. जून लागला की दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक, नुकताच निकाल हातात पडलेली पोरं. ती घोळक्याने येतात आणि मोठ्याने बोलतात. दुसरं गिऱ्हाईक एकटं येतं. पंचवीस ते पंचेचाळीसच्या मधलं वय. दुकान रिकामं होईपर्यंत बाकड्यावर बसून राहतं आणि मग हळूच विचारतं, "भाऊ, माझी बारावी नाही झाली. आता काही होईल का?"

होतं. माझंच झालंय. मी दहावीला गणितात गेलो, चार वर्षं कापसाच्या जिनिंगवर गाठोडी उचलली आणि मग बाहेरून परीक्षा देत देत बी. ए. पर्यंत आलो. त्या वाटेवर जे खड्डे लागले ते दुसऱ्याला लागू नयेत म्हणून हे लिहितोय. ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांनी सुरुवातीपासून वाचा. घाई असेल त्यांनी निदान बोगस बोर्डांचा भाग तरी वाचून जा.

आधी शेवटचं दार बघा

लोक सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी करतात. "कुठून लवकर होईल?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. खरं विचारायला हवं ते हे: शेवटी मला जिथे जायचंय, तिथे कोणता कागद मागतात?

पारोळ्याकडच्या एक ताई आल्या होत्या. त्यांना 'ग्रॅज्युएशन' करायचं होतं. का, असं विचारल्यावर कळलं की गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघणार होती. आता सेविकेला बारावी पास लागते, पदवी नाही. म्हणजे त्यांना तीन वर्षांचा रस्ता नकोच होता, बारावीचा हवा होता. याच्या उलट शिरपूरचा एक भाऊ. त्याला वकील व्हायचं होतं आणि कोणीतरी सांगितलं होतं की मुक्त विद्यापीठातून थेट बी. ए. कर, दहावी-बारावीची भानगडच नको. हा सल्ला ऐकला असता तर तो शेवटच्या दारावर अडला असता. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमात स्पष्ट लिहिलंय: मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेल्या बारावी किंवा पदवीवर लॉ कॉलेजला प्रवेश मिळत नाही. तीच बारावी पायरीपायरीने, बाहेरून किंवा दूरशिक्षणाने केलेली असेल तर चालते.

म्हणून कागद-पेन घ्या आणि उलटं लिहा. सर्वात वर जिथे पोहोचायचं ते. त्याखाली त्याला काय लागतं ते. डी. एल. एड. (प्राथमिक शिक्षकाचा डिप्लोमा) करायचं असेल तर नुसती बारावी पास भागत नाही, खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के लागतात. इंजिनिअरिंगला बारावी विज्ञान आणि सीईटी, नाहीतर डिप्लोमा. फक्त शिकायचं म्हणून बी. ए. करायचं असेल, पोरांच्या बरोबरीने पुस्तक हातात धरायचं असेल, तर रस्ता बराच मोकळा आहे. सगळ्या वाटा एकाच गावाला जात नाहीत, आणि हे तीन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मग शाळेत जा

दुसरं काम म्हणजे जुना दाखला. शेवटची जी काही शाळा केली असेल, मग ती चौथी असो की नववी, तिचा शाळा सोडल्याचा दाखला. माझ्या दुकानातला हा रोजचा संवाद आहे:

"भो, तुना दाखला कोठे शे?"

"माळावर व्हता, उंदीर खाई गयात."

उंदरांनी खाल्ला तरी बिघडत नाही. शाळेत जनरल रजिस्टर असतं. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं, कोपरे वाळवीने कुरतडलेलं. त्यात तुमचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, शाळेत आल्याची आणि गेल्याची तारीख, सगळं शाईने लिहिलेलं असतं. अर्ज द्यायचा, सोबत दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. मुख्याध्यापक त्याच रजिस्टरवरून दुसरी प्रत देतात. तिच्यावर 'द्वितीय प्रत' असं लिहिलेलं असतं, त्याने घाबरू नका. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. सातपुड्यातल्या आश्रमशाळेत शिकला असाल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात. आपल्याकडे ती नंदुरबार, तळोदा, यावल आणि धुळ्याला आहेत.

रजिस्टरमधली नोंद हातात आली की ती आधार कार्डाशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. इथे नव्वद टक्के घोळ असतो असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही; पण माझ्या बाकड्यावर बसलेल्या माणसाचं काम इथेच सर्वात जास्त वेळा अडलेलं मी पाहिलंय. एक तर जन्मतारीख. आपल्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा जन्म १ जूनला झालेला आहे. गुरुजींनी पोराचं तोंड बघून वर्ष ठरवलं आणि तारीख सरसकट १ जून टाकली. मग आधार काढताना वय विचारलं, तिथल्या मशीनने १ जानेवारी धरली. आता दोन कागद, दोन जन्म.

यावर उपाय असा. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधली तारीख सहजासहजी बदलत नाही. आधारवरची बदलते. त्यामुळे दाखल्याप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्यायचं. मात्र आधारवर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून दाखला हातात आल्याशिवाय आधार केंद्रावर जाऊ नका. अंदाजाने एकदा बदलली आणि ती चुकली, तर पुढचा मनस्ताप मी इथे लिहीत नाही.

लग्न झालेल्या बायकांचं दुसरंच. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दहावी-बारावीचे फॉर्म दाखल्यावरच्याच नावाने भरा, म्हणजे पुढची सगळी शैक्षणिक कागदपत्रं एका नावाची राहतील. सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र ठेवा. नाव कायमचंच बदलायचं असेल तर राजपत्रात छापून घ्यावं लागतं.

आणि जातीच्या नोंदीकडे बघा. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर पुढे जात पडताळणी लागते आणि तिथे तुमच्याच नव्हे, वडील-आजोबांच्या दाखल्यावरची नोंद विचारतात. अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १९६७ च्या आधीचा. शाळेत गेलाच आहात तर आजोबांचंही नाव त्या जुन्या रजिस्टरात सापडतं का ते बघून घ्या. दुसरी खेप वाचते.

तुम्ही कुठे थांबला होता?

आता रस्ता. तो तुम्ही कोणत्या पायरीवरून उतरलात त्यावर आहे.

शाळेत कधी गेलाच नसाल किंवा दुसरी-तिसरीत सोडली असेल, तरी सुरुवात करता येते. उल्लास नावाचा साक्षरता कार्यक्रम सध्या चालू आहे, पंधरा वर्षांवरच्या कोणालाही. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत विचारा. लिहिता-वाचता येऊ लागलं की महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे. पाचवीला वय किमान दहा, आठवीला तेरा. वरची मर्यादा नाही. नातवाबरोबर आजी पाचवीला बसली तरी कोणी अडवत नाही.

पाचवी झालेली असेल आणि वय चौदाच्या वर असेल, तर थेट दहावीला बसता येतं. हो, सहावी ते नववी न करता. याला आपल्याकडे 'सतरा नंबर' म्हणतात, कारण राज्य मंडळाचा तो फॉर्म नंबर १७ आहे. अनेकांना हे खोटं वाटतं. पण मंडळाच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः वाचा, दरवर्षी साधारण पावसाळ्यात फॉर्म सुटतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळची एखादी शाळा 'संपर्क केंद्र' म्हणून निवडायची आणि मूळ दाखल्यासह कागद तिथे नेऊन द्यायचे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात, त्यामुळे काही अडलं तर पत्रव्यवहार नाशिकला.

दहावीला बसून नापास झाला असाल तर सतरा नंबर तुमच्यासाठी नाही. तुम्ही पुनर्परीक्षार्थी. तुमचा फॉर्म जुन्या शाळेतूनच भरला जातो. हा फरक न कळून कितीतरी जण दोनदा पैसे भरतात. एक-दोन विषयच राहिले असतील तर एटीकेटीवर (राहिलेले विषय मागाहून काढायच्या सवलतीवर) अकरावीला प्रवेश मिळतो, हेही विसरू नका. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेला विषय पुरवणी परीक्षेत त्याच वर्षी काढता येतो.

दहावी पास, पुढे काही नाही? सतरा नंबरनेच बारावी करता येते, दहावीनंतर दोन वर्षं झालेली असली की. अकरावी करावी लागत नाही. बाहेरून बसणारे बहुतेक जण कला किंवा वाणिज्य घेतात आणि तेच शहाणपणाचं. विज्ञानाची प्रयोगशाळा घरी बसून होत नाही.

सतरा नंबर की एनआयओएस?

दुसरा मोठा रस्ता म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस. केंद्र सरकारची संस्था, १९८९ पासूनची. हिची दहावी-बारावी राज्य मंडळाच्या बरोबरीची धरतात. दहावीला किमान वय चौदा, बारावीला पंधरा आणि दहावी पास. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. पास व्हायला ३३ गुण. राज्य मंडळात ३५ लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, म्हणजे सगळे विषय एकदम काढलेच पाहिजेत असं नाही. या मोसमात दोन, पुढच्यात एक, असं चालतं. दुसऱ्या बोर्डात पास झालेले दोन विषयसुद्धा इकडे जमा करून घेता येतात.

मग मी कोणाला काय सांगतो?

ज्याला गणिताची धास्ती आहे त्याला एनआयओएस. तिथे दहावीला विषय निवडता येतात, गणित घेतलंच पाहिजे असं नाही. हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर जिनिंगमधली दोन वर्षं वाचली असती. पण पुढे गणित लागणारं काही करायचं असेल, आयटीआयचा ट्रेड किंवा पॉलिटेक्निक, तर गणित-विज्ञान सोडू नका. परत शेवटचं दार बघा.

ज्याला मराठीतून शिकायचंय, गावातल्या पोरांची जुनी पुस्तकं वापरायचीत, शेजारच्या मास्तरांना अडलेलं विचारायचंय, त्याला सतरा नंबर. राज्य मंडळाची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात आणि प्रत्येक घरात एखादा संच पडलेला असतोच. एनआयओएसची दहावी मराठीतून देता येते, पण बारावीचा फॉर्म भरण्याआधी आपल्या विषयाला माध्यम कोणतं आहे ते नक्की बघा. इंग्रजी-हिंदीतली पुस्तकं घरी आल्यावर चेहरा पडलेला मी पाहिलाय.

आणि तिसरा मुद्दा, जो कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेला नसतो. मोसम. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. एनआयओएसची वर्षात दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आता खान्देशातलं वर्ष डोळ्यासमोर आणा. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापसाची वेचणी ऐन भरात. घरातल्या प्रत्येक हाताला शेतात काम असतं आणि वेचणीची मजुरी सोडून कोणी परीक्षेला जाऊ देत नाही. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं कामाला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. राज्य मंडळाचे पेपर त्याच सुमाराला किंवा आधीच सुरू होतात, म्हणजे ज्याला मुलाबाळांसह बाहेरगावी जायचंय त्याच्यासाठी एप्रिल-मे बरा. ऊन असतं, भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या आसपास जातो, पण हाताला काम कमी असतं. रावेर-यावलला केळीची कापणी करणाऱ्यांना तर सुट्टीचा मोसमच नाही. त्यांनी पाच विषय एकदम घेण्यापेक्षा दोन-दोन करून काढावेत. वेळापत्रक बघून नव्हे, आपलं शेत आणि आपला मुकादम बघून परीक्षा ठरवा.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. एकाच वर्षात दहावी आणि बारावी दोन्ही कोणी देत नाही. मध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं. म्हणजे दहावीपासून निघालात तर बारावीपर्यंत निदान तीन वर्षं धरून चाला.

आणि एक इशारा. बाहेरून बसलो म्हणजे शाळेत पाऊल टाकायचंच नाही असं नसतं. सतरा नंबरवाल्यांच्या तोंडी परीक्षा, वह्या, अंतर्गत गुण संपर्क केंद्रात होतात. वीस-वीस गुण असतात ते. आपली तारीख कळवायला कोणी घरी येणार नाही. डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी केंद्रावर चक्कर मारा, शिपायाशी ओळख ठेवा. एनआयओएसला त्याऐवजी गृहपाठ असतो, तो वेळेत जमा करायचा.

बारावीला वळसा

ज्यांचे हात चालतात त्यांच्यासाठी हा रस्ता मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि तो लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे. दहावीनंतर आयटीआय करा, दोन वर्षांचा ट्रेड. ते झालं की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बारावी नाही, सीईटी नाही, आणि शेवटी हातात पदवी. शासकीय पॉलिटेक्निक जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे आहे, जळगावला शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. वाटेत कुठेही थांबलात तरी हातात कामाचा कागद असतो. फिटर म्हणून लागलात, वायरमन म्हणून लागलात, नंतर परत शिकायला गेलात, काही बिघडत नाही.

आयटीआयवाल्यांना आणखी एक सोय आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेला असेल तर राज्य मंडळाच्या बारावीचे फक्त दोन भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता मिळते. आठवीवर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना तसंच दहावीचं. बी. ए., बी. कॉम.कडे वळायचं मनात आलं तर हे लक्षात ठेवा.

मुली असतील तर २०२४ पासून आणखी एक गोष्ट: व्यावसायिक अभ्यासक्रमांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) घरातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. एजंटाने 'मॅनेजमेंट'मधून लावून दिलेल्या सीटला ही सवलत मिळत नाही.

थेट पदवी?

मुक्त विद्यापीठाचा 'पूर्वतयारी' कोर्स तुम्ही ऐकला असेल. दहावी-बारावी नसलेल्यांना सहा महिन्यांचा अभ्यास, परीक्षा आणि मग बी. ए. ला प्रवेश. आपल्या भागातल्या कित्येक गृहिणी आणि एसटीतले कामगार या दारातून आत गेले. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं तेच मुळी अशा लोकांसाठी. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद.

तरीही मी नवीन माणसाला हा रस्ता पहिला सांगत नाही. पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. भरतीच्या जाहिरातीत 'बारावी उत्तीर्ण' लिहिलेलं असेल तर हे प्रमाणपत्र घेऊन तुम्ही रांगेतच उभे राहाल. लॉचं वर सांगितलंच. शिक्षणाची हौस आहे, नोकरीचं वय गेलंय, गावच्या राजकारणात नावामागे 'बी. ए.' लावायचंय (हसू नका, असेही येतात), तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पात्रता वाचून खुशाल जा. वय तिशीच्या आत असेल तर दोन-तीन वर्षं जास्त घाला आणि दहावी-बारावी रीतसर काढा. मग त्याच मुक्त विद्यापीठात नेहमीच्या दाराने जा. पुस्तकं मराठीत, अभ्यासकेंद्र तालुक्याच्या कॉलेजात, तास बहुधा रविवारी.

भिंतीवरचे पिवळे बोर्ड

'घरबसल्या एका महिन्यात दहावी-बारावी पास, पुस्तक नको, परीक्षा नको.' बसस्टँडच्या मुतारीपासून रेल्वे गेटपर्यंत ही अक्षरं दिसतात. माझ्या चुलत भावाने अशाच एका 'बोर्डा'ला अठरा हजार दिले. बोर्डाचं नाव भारदस्त होतं, त्यात 'दिल्ली' पण होतं आणि 'केंद्रीय' पण. मार्कशीट चकचकीत, होलोग्राम लावलेली. कॉलेजने ती पडताळणीला पाठवली आणि तीन महिन्यांनी परत आली. प्रवेश रद्द. पैसे गेले ते वेगळे, वर्ष गेलं ते वेगळं. नशीब, पोलिसात प्रकरण गेलं नाही.

ओळखायचं कसं? परीक्षा न देता गुणपत्रिका देतो म्हणणारा कोणीही असो, तो बोगस. एका वर्षात दहावी-बारावी दोन्ही देतो म्हणणारा, बोगस. बोर्ड नवखं वाटत असेल तर देशातल्या मान्यताप्राप्त शिक्षण मंडळांची यादी कोब्से या शिक्षण मंडळांच्या परिषदेच्या साइटवर असते, ती बघा. विद्यापीठाबद्दल शंका असेल तर यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) बोगस विद्यापीठांची यादी दरवर्षी काढते. आणि यातलं काहीच जमत नसेल तर ज्या कॉलेजात शेवटी जायचंय तिथल्या प्रवेश खिडकीवर जाऊन एकच विचारा: "या बोर्डाची बारावी तुम्ही घेता का?" तिथला क्लार्क चिडका असेल, पण फुकट आणि खरं सांगेल.

कॉलेजच्या खिडकीवर

बारावी हातात आली की जळगाव, धुळे, नंदुरबारची सगळी पारंपरिक कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. ज्या बाईला अक्षर ओळख नव्हती, आसोद्याची ती बाई, तिच्याच नावाच्या विद्यापीठात तुमच्याकडे कागद मागतात, यावर मी क्लार्कला एकदा विनोद केला होता. तो हसला नाही. कागद मागितला.

एनआयओएसवाल्यांनी स्थलांतर (मायग्रेशन) प्रमाणपत्र सोबत न्यायचं. बोर्ड बाहेरचं असल्यामुळे विद्यापीठाला पात्रता तपासावी लागते. राज्य मंडळातून सतरा नंबर केलेल्यांना ही कटकट नाही. शिक्षणात खंड पडलेला असेल, आणि तुमच्या बाबतीत तो पडलेलाच असणार, तर 'गॅप'चं प्रतिज्ञापत्र मागतात: या या वर्षात मी दुसऱ्या कोणत्याही कॉलेजात प्रवेश घेतला नव्हता, शेती करत होतो, इतकंच. तहसील कचेरीबाहेर बसणारे करून देतात. मार्कशीट डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा. उंदीर तिथे पोहोचत नाहीत.

वय विचारलं तर लाजू नका. पदवीला वयाची वरची अट नसते. पहिल्या दिवशी पोरं तुम्हाला सर समजून उभी राहतील.

फॉर्म भरताना

आता माझी गोष्ट. बारावीचा सतरा नंबर भरला तेव्हा केंद्रावर नावांची यादी तपासायला लावली होती. रांग मोठी होती, पाच वाजत आले होते, मी सही करून निघालो. निकाल आला तर आडनावात एक काना जास्त. तो एक काना काढायला मला आठ महिने लागले: अर्ज, दाखल्याची प्रत, प्रतिज्ञापत्र, पत्र गेलं, पत्र आलंच नाही, परत चक्कर. ज्या ज्युनिअर कॉलेजात केंद्र होतं तिथले म्हणाले, तुम्ही सही केली होती. केली होती, खरंय.

तेव्हापासून माझ्या दुकानात फॉर्म सबमिट करण्याआधी मी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवतो आणि त्यालाच नाव मोठ्याने वाचायला लावतो. मराठीत एकदा, इंग्रजीत अक्षर सुटं करून एकदा. आईचं नाव. जन्मतारीख. विषय. फोटो महिन्याभरातला, पांढऱ्या मागच्या रंगाचा, टोपी न घालता. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, एजंटाचा नाही, माझाही नाही. हॉल तिकिटाचा मेसेज त्याच नंबरावर येतो आणि नंबर बदलला की माणूस परीक्षेला मुकतो. पैसे भरल्याची पावती, फॉर्मची प्रिंट, जमा केलेल्या कागदांची पोच, तिन्हीच्या दोन-दोन झेरॉक्स. एक संच घरात, एक बहिणीकडे किंवा दुसऱ्या गावी. मूळ दाखला कोणाकडेही 'दोन दिवस' म्हणून ठेवू नका. केंद्रावर जमा करायचा असेल तर आधी झेरॉक्स आणि मग सही-शिक्क्याची पोच.

त्या पारोळ्याच्या ताई शेवटी दहावीपासून सुरू झाल्या. सतरा नंबरचा फॉर्म आम्ही गेल्या पावसाळ्यात भरला. आईच्या नावापाशी त्या अडखळल्या, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, दाखल्यावर 'सरूबाई' आहे, आईच्या आधारवर 'सरस्वती'. कोणतं टाकू?" दाखल्यावरचं, मी म्हटलं.